‘रिन्यू’ला मराठीत काय म्हणायचं?

तीन-चार ओळींचं एक पत्र लिहायचं होतं. मी दिव्याला भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार संपायला आला होता आणि घरमालकाच्या मुलाचा मोबाइलवर निरोप आला, ‘चाचा, या टायमाला अ‍ॅग्रीमेंट रिन्यू नाही करायचं.’ पुढे काही नाही. कारण नाही, राग नाही, भाडं वाढवून मागणं नाही. कारण विचारावं तर ते ऐकायची तयारी हवी. आमच्या नावाच्या माणसाला घर शोधताना मिळणारी काही उत्तरं आता तोंडपाठ झाली आहेत. ती पुन्हा ऐकायची हौस नव्हती. म्हटलं, फोनवर बोलताना आवाज चढतो, शब्द इकडचे तिकडे होतात. आपण कागदावर लिहावं. तीस वर्षं मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला तीन ओळींचं पत्र ते काय जड?

जड गेलं. ‘कराराचे नूतनीकरण करावे, ही नम्र विनंती’ असं लिहिलं आणि वाचून पाहिलं. ज्या घरातल्या आजीने माझ्या मुलीच्या लग्नात तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, त्या घराला मी महापालिकेच्या परवाना विभागाला लिहावं तसं लिहीत होतो. खोडलं. ‘कराराची मुदत वाढवून द्यावी’ असं लिहिलं. हे तर थकबाकीदाराचं वाक्य झालं. मी एकाही महिन्याचं भाडं थकवलेलं नव्हतं. तेही खोडलं. ‘करार पुन्हा करावा’ म्हणावं, तर त्या ‘पुन्हा’ला आधीचा मोडल्याचा वास येतो. बायको शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘रिन्यू करा म्हणून लिहा की. त्यांनी तोच शब्द लिहिलाय ना?’ तिचं बरोबर होतं. पण मी अडलो तो अडलोच. पत्र राहिलं बाजूला आणि मी या एका क्रियापदाच्या मागे लागलो. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते त्याच्याविषयी.

इंग्रजीत शब्द अगदी सरळ आहे. ‘न्यू’ म्हणजे नवा, त्याच्या आधी ‘रि’ म्हणजे पुन्हा. पुन्हा नवं करणं. चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो सापडतो आणि लॅटिनमधल्या ‘रेनोव्हारे’ या क्रियापदाच्या धर्तीवर तो घडला आहे. पुढे इंग्रजांनी तो लॅटिन शब्दही उचलला आणि ‘रिनोव्हेट’ असं दुसरं क्रियापद केलं. दोघं सख्खे भाऊ, पण त्यांनी कामं वाटून घेतली. घर, दुकान, नाट्यगृह ‘रिनोव्हेट’ होतं. पास, परवाना, करार, वर्गणी ‘रिन्यू’ होते. मराठीत मात्र आपण दोन्हीला नूतनीकरण म्हणून मोकळे होतो. ‘नूतनीकरणासाठी दुकान बंद आहे’ ही पाटी आणि ‘परवाना नूतनीकरणाचा अर्ज’ हा कागद, दोन्हीकडे शब्द एकच.

हा ‘न्यू’ आपल्याला तसा परका नाही. संस्कृतातलं नव, लॅटिनमधलं नोव्हुस, फारसीतलं नौ आणि इंग्रजीतलं न्यू ही सगळी एकाच कुळातली. पारशांच्या नवरोजातला नव आणि आपल्या नवान्नातला नव एकच. (नवरात्रातला नव मात्र नऊचा. त्याचा इथे संबंध नाही.) म्हणजे शब्दाचं बी आपल्या घरातही होतंच. फरक पडला तो वापरात. इंग्रज माणूस करार रिन्यू करतो, जुनी ओळख रिन्यू करतो, शपथ रिन्यू करतो, शत्रूवरचा हल्लाही रिन्यू करतो. मराठी माणूस ओळखीला उजाळा देतो, शपथ पुन्हा घेतो, हल्ला नव्याने चढवतो आणि नव्या दमाने कामाला लागतो. म्हणजे आपल्याकडे शब्द नाही असं नाही. आपल्याकडे एक शब्द नाही. नवं काय करायचं आहे आणि ते कितपत नवं होणार आहे, हे मराठी आधी विचारते.

आमच्या दिव्यात हा शब्द सगळ्यांत जास्त ऐकू येतो तो स्टेशनात. मध्य रेल्वेवर मुंब्रा आणि कोपर यांच्या मधलं हे जंक्शन. एक फाटा वसईकडे जातो, एक पनवेलवरून कोकणात. गर्दी अशी की २ जानेवारी २०१५ ला इथल्या प्रवाशांनी रूळ अडवले आणि त्या दिवशी निम्मी मुंबई खोळंबली. डिसेंबर २०१६ पासून काही जलद लोकल इथे थांबायला लागल्या. अशा ठिकाणी माणसाचा महिना पगारावर मोजत नाहीत, पासावर मोजतात. ‘पास काढला’ आणि ‘पास रिन्यू केला’ यांतला फरक दिव्यातल्या शाळकरी पोरालाही कळतो. पहिल्या नोकरीचा पहिला पास काढायचा असतो. त्यानंतर आयुष्यभर तो रिन्यू होतो. रिन्यू केलेल्या पासात नवं असं काही नसतं. इथून तिथपर्यंत, तोच वर्ग, तेच नाव, तेच वय झाकणारं ओळखपत्र. फक्त तारीख पुढे सरकते. सगळं तेच राहून काळ तेवढा पुढे जाणं, हा रिन्यूचा पहिला आणि सगळ्यांत कोरडा अर्थ.

पण कोरडा शब्दसुद्धा एखाद्या दिवशी ओला होतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही घरी परतले नाहीत. माझा पास त्याच आठवड्यात संपत होता. संध्याकाळी मोबाइलवर पास काढायला बसलो, तेव्हा पडद्यावरचा तो शब्द मी पहिल्यांदा नीट वाचला. मग बटण दाबलं. दुसरं काय करणार? सकाळची गाडी पकडायची होती.

मुदत वाढणं आणि रिन्यू होणं यांतला फरकही आम्हाला रेल्वेनेच शिकवला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल थांबल्या. कुणी तीन महिन्यांचा पास नुकताच काढला होता, कुणी वर्षाचा. जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी गाड्या सुरू झाल्या, सामान्य प्रवाशाला १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा जितके दिवस बुडाले तितके दिवस जुन्या पासावर वाढवून द्यायचं रेल्वेने ठरवलं. ही झाली मुदतवाढ. जुनाच करार लांबला, नवे पैसे नाहीत, नवी बांधिलकी नाही. रिन्यू करताना मात्र जुना हिशेब पुरा होतो आणि त्याला लागून दुसरा सुरू होतो. मराठीत आपण सर्रास ‘परवान्याची मुदत वाढवून आणली’ म्हणतो, पण बहुतेक वेळा आपण मुदत वाढवलेली नसते, रिन्यू केलेलं असतं. पैसे भरून.

सरकारी कागदांत तर या शब्दाच्या आणखी खोड्या आहेत. गाडी चालवण्याचा परवाना मुदत संपल्यावर वर्षभराच्या आत रिन्यू होतो. वर्ष उलटलं, की पुन्हा गाडी चालवून दाखवावी लागते. म्हणजे रिन्यू करायला काहीतरी धुगधुगी शिल्लक लागते. पार विझलेलं रिन्यू होत नाही, ते पहिल्यापासून मिळवावं लागतं. पासपोर्टचं उलट. आपण म्हणतो ‘पासपोर्ट रिन्यू केला’. सरकार म्हणतं, आम्ही रिन्यू करतच नाही, जुन्याच्या जागी दुसरा देतो. त्याचा नंबरही वेगळा असतो. आणि घराच्या कराराचं म्हणाल तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. म्हणून अकरा महिने झाले की सगळं पुन्हा. पुन्हा मुद्रांक, पुन्हा नोंदणी, पुन्हा दोन साक्षीदार, पुन्हा फोटो आणि अंगठा. लोक त्याला रिन्यू म्हणतात. व्यवहारात तो दर वेळी नवाकोरा करार असतो आणि त्यामुळेच ‘या टायमाला नाही’ असं म्हणायला समोरच्याला एका वाक्यापलीकडे काही लागत नाही.

आता ‘नूतनीकरण’ या शब्दाकडे वळतो. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. मराठी राज्यभाषा झाली, १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं, कचेऱ्यांतल्या हजारो इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द द्यायचे होते. ते काम ज्यांनी केलं त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी गंमत बघा. ‘कराराची मुदत संपल्याने परवान्याच्या नूतनीकरणासाठी अर्ज दाखल केला’ हे वाक्य घ्या. करार अरबी, मुदत अरबी, परवाना फारसी, अर्ज अरबी, दाखलही अरबीच. त्या सगळ्या पाहुण्यांत नूतनीकरण तेवढं सोवळं नेसून बसलेलं. आणि हे पाहुणे तरी आता कसले? चारशे-पाचशे वर्षं ते इथे राहतायत. त्यांचा करार कुणी रिन्यू केला नाही, कुणाला तशी आठवणही झाली नाही.

आठवण झालीच नाही असं म्हणणंही खरं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली; दिनांक, महापौर हे शब्द त्यातूनच रुळले. मला यात सगळ्यांत ओढ वाटते ती माधव जूलियन यांची. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला, गझल आणि रुबाई मराठीत आणून रुजवली आणि पुढे त्याच माणसाने भाषाशुद्धीची बाजू घेऊन ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिलं. आमच्यासारख्या गझल लिहिणाऱ्यांची तर ही दोन्ही बाजूंनी वडीलधारी असामी. त्यांच्याशी भांडावं तरी कसं?

फारसी-अरबीच्या वाटेने रिन्यूसाठी एक शब्द येऊ शकला असता. उर्दूत ‘तजदीद’ म्हणतात. जदीद म्हणजे नवं, त्यावरून तजदीद म्हणजे नवं करणं. उर्दू वर्तमानपत्रात लायसन्सची तजदीद होते. पण तो मराठीत आला नाही. अर्ज आला, करार आला, मुदत आली, तजदीद सीमेवरच राहिली. याचं कारण मला वाटतं असं की मराठीला तिथे जागा रिकामी दिसली नाही. आपल्याकडे हे काम करणारे दोन शब्द गावात आधीच होते. ते कोशकारांच्या टेबलावर फारसे पोहोचले नाहीत, कारण एक होता चुलीपाशी आणि दुसरा सोसायटीच्या पायरीवर.

चुलीपाशी होती कल्हई. हे मला माहीत असायचं कारण म्हणजे माझे वडील कल्हई करायचे. सोलापूर जिल्ह्यात आमचं गाव. वडील सायकलला भाता, कोळशाचं पोतं आणि पत्र्याची पेटी बांधून आठ-दहा गावं फिरायचे. सुट्टीत मी बरोबर. वेशीपाशी झाडाखाली खड्डा करून त्यात कोळसे पेटवायचे आणि भात्याची नळी मातीत पुरायची. भाता मारायचं काम माझं. पितळेची पातेली, तांब्याचे हंडे, पराती आतून काळवंडून यायच्या. पितळेच्या भांड्यात आंबट टिकत नाही. ताक, आमटी, चिंचेचं सार कळकतं. म्हणून आत कथलाचा हात हवा. आधी राख-वाळूने भांडं घासायचं. माझे काका तर भांड्यात उभे राहून, वरच्या फांदीला धरून पायांनी गरागरा फिरायचे. मग भांडं विस्तवावर तापवायचं, नवसागराची पूड टाकायची. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, डोळे चुरचुरायचे. कथलाची कांडी तापल्या भांड्याला नुसती टेकवली की पाण्यासारखी व्हायची. कथील २३२ अंशांना वितळतं हे मी नंतर शाळेत शिकलो. वडिलांना आकडा माहीत नव्हता, भांड्याचा रंग माहीत होता. कापसाच्या बोळ्याने ते एका फिरकीत सगळं भांडं आतून चांदीसारखं करायचे आणि पाण्यात बुडवायचे. चर्रर्र आवाज झाला की बायका पुढे सरसावायच्या.

(त्या नवसागराचं फारसी नाव नौशादर. त्यात ना नवा ना सागर. मराठी कानाने त्यात दोन्ही ऐकलं. मला ते फार आवडतं.)

भांडं तेच, त्याच्या काठावर कोरलेलं आजीचं नाव तेच, पोचासुद्धा तोच. पण त्यात पुन्हा ताक घुसळता येतं. कल्हई उडणार हे करणाऱ्याला माहीत आणि करून घेणाऱ्यालाही माहीत. सहा-आठ महिन्यांनी वडील पुन्हा त्याच झाडाखाली दिसायचे. उगाच नाही आपण ओळखीला ‘उजाळा’ देतो म्हणत आणि उगाच नाही पाढ्यांच्या पुस्तकाला ‘उजळणी’ म्हणत. उजळणं हा भांड्यांचाच शब्द आहे. मुळात जे होतं ते वर आणायचं, नवं काही आणायचं नाही. पुढे जर्मनची भांडी आली, स्टील आलं आणि वडिलांचा भाता माळ्यावर गेला. स्टीलला रिन्यू करावं लागत नाही.

दुसरा शब्द सोसायटीच्या पायरीवरचा, ‘नवं-जुनं’. शहरातल्या श्रोत्यांना कदाचित माहीत नसेल. शेतकरी गावच्या विकास सोसायटीतून पीककर्ज घेतो. ते ३१ मार्चच्या आत भरलं तर तो ‘नियमित’ राहतो, व्याजात सवलत मिळते, पुढचं कर्ज मिळतं. पण मार्चमध्ये हातात पैसा असतोच असं नाही. तूर विकलेली असते, तिचा पैसा आधीच संपलेला असतो. मग तो दोन-चार दिवसांसाठी हातउसने घेतो, नाहीतर सावकाराकडून काढतो, सोसायटीत भरतो, जुनं कर्ज फिटलं अशी नोंद होते. लगेच नवं मंजूर होतं, ते उचलून तो सावकाराला देतो, वर त्या चार दिवसांचे पैसेही देतो. याला म्हणतात कर्ज नवं-जुनं करणं. वडील मार्चअखेरीला गावं फिरायचेच नाहीत. म्हणायचे, ‘आता सगळे नव्या-जुन्यात असतील, कल्हईचे पैसे कोण देणार?’

इंग्रजीत बँक ज्याला कर्ज रिन्यू करणं म्हणते, ते हेच. पण शब्द बघा कसा घडलाय. इंग्रजी शब्दात फक्त ‘नवं’ आहे. मराठी शेतकऱ्याने त्याला ‘जुनं’ चिकटवून ठेवलं. कागद नवा, तारीख नवी, सही नवी आणि डोक्यावरचं ओझं जुनंच, हे त्या जोडशब्दात स्वच्छ लिहिलेलं आहे. कुठल्या कोशकाराला हे सुचलं असतं? बरं, या प्रामाणिकपणाची किंमतही त्याने मोजली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत थकबाकीदारांचं दोन लाखांपर्यंतचं पीककर्ज माफ झालं. ज्यांनी सावकाराचे पाय धरून दर मार्चला नवं-जुनं केलं होतं, ते नियमित ठरले, त्यांच्यासाठी पन्नास हजारांपर्यंतचं प्रोत्साहन जाहीर झालं आणि ते पदरात पडायला २०२२ उजाडलं.

आणखी एक रिन्यू आहे आणि तिथे क्रियापदच बदलतं. झाडाला पालवी फुटते. साप कात टाकतो. इंग्रजी रिन्यूला कर्म लागतं, कुणीतरी काहीतरी रिन्यू करतो. पालवी कुणी फोडत नाही, ती फुटते. वर्तमानपत्रांना ‘कात टाकणे’ फार आवडतं: एसटी कात टाकणार, स्थानक कात टाकणार, नाट्यगृह कात टाकणार. कात टाकण्याआधी सापाचे डोळे धुरकट निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही, तो कुठेतरी दडून बसतो. निविदा काढून रंग देण्यात यातलं काही नसतं. तिथे आपला साधा ‘डागडुजी’ हा शब्द पुरे. शहरांच्या बाबतीत तर अडचण अशी की रिन्यू म्हणजे काय करायचं हेच ठरलेलं नसतं. केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये शहरांच्या ‘रिन्यूअल’साठी नेहरूंच्या नावाचं अभियान सुरू केलं, तेव्हा मराठीत कुणी त्याला पुनरुत्थान म्हटलं, कुणी पुनर्निर्माण. उठून उभं करणं वेगळं आणि पाडून बांधणं वेगळं. ज्याचं घर त्या वस्तीत आहे त्याला हा फरक विचारा. इमारत धोकादायक ठरली, की ‘पुनर्विकास’ या शब्दाने ठाणे जिल्ह्यात कितीतरी घरांची झोप उडते.

आमच्या गावच्या मशिदीच्या भिंतीवर एक फरशी आहे. तिच्यावर मराठीत ‘जीर्णोद्धार’ असं कोरलेलं आहे, खाली वर्गणीदारांची नावं, त्यांत निम्मी पाटील-माळ्यांची. उर्दू शिकलेल्या एका पाहुण्याने एकदा विचारलं, इथे मरम्मत का नाही लिहिलं? माझे वडील म्हणाले, मरम्मत छपराची होते.

असो. पत्राकडे येतो. हे सगळं डोक्यात घोळवून झाल्यावर कळलं की माझी अडचण शब्दाची नव्हतीच. मला काय हवंय तेच मी लिहीत नव्हतो. मुदत नको होती, नूतन काही नको होतं, आणि नव्या-जुन्याचा बोजाही डोक्यावर नव्हता. मग लिहिलं ते इतकंच: ‘आजींना व सर्वांना नमस्कार. आम्हाला याच घरात राहायचं आहे. पुढचे अकरा महिने राहू द्यावं. आमच्याकडून काही चुकलं असेल तर सांगावं.’ रिन्यू नाही, नूतनीकरण नाही. बायकोने वाचलं आणि म्हणाली, ‘एवढ्यासाठी दोन रात्री जागलात?’

पत्र मी स्वतः नेऊन दिलं. आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी नातवाला मोठ्याने वाचायला लावलं. दोनदा. दोन दिवसांनी तो जिना चढून वर आला, दारातच उभा राहिला. ‘तसं काही नव्हतं चाचा. भावाचं लग्न ठरत होतं, खोली लागली असती. आता ते पुढच्या वर्षावर गेलं.’ मी विश्वास ठेवला. निम्मा ठेवला म्हणा. उरलेल्या निम्म्याला विचारायचं धाडस मला झालं नाही आणि सांगायचं त्याला झालं नसेल. भाडं पाचशेने वाढलं. आजी त्याला काय म्हणाल्या ते मला कळलं नाही.

करार नोंदवायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरीच आला. माझा अंगठा पहिल्याच वेळी उमटला. बायकोचा उमटेना. तीस वर्षं भांडी घासून आणि शिवणकाम करून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. यंत्र लाल दिवा दाखवत होतं. एजंट म्हणाला, ‘घासा जरा, कपड्याने पुसून पुन्हा ठेवा.’ तिने ओढणीच्या टोकाने अंगठा चोळचोळून पुसला, फुंकर मारली आणि पुन्हा काचेवर ठेवला. तिसऱ्या वेळी हिरवा लागला. एजंटने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, ‘झालं रिन्यू.’